साध्या दिवसांचीच आठवण जास्त का येते?

अनवट
रविवार, रात्री ९:४०

जपून ठेवायचं म्हणून आपण जे जपतो आणि पुढे जे हवंहवंसं वाटतं, त्या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या का निघतात?

माणूस गेल्यावर फोटो सापडतात ते सगळे समारंभातले. ठेवणीतले कपडे, ओळीत उभी मंडळी, कॅमेऱ्यासाठी आणलेलं हसू. ते फोटो कुणी फारसे उघडत नाही. शोधाशोध चालते ती भलत्याच गोष्टींची. 'निघालो, पोचतोच' एवढंच सांगणारा निरोप जुन्या फोनमध्ये राहिलाय का? एखाद्या वहीच्या मागच्या पानावर हिशेबाखाली उगाच काढलेली नक्षी आहे का? माझा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याची प्रमाणपत्रं, सत्काराचे कागद, सगळं फायलीत नीट लावलेलं होतं. वहिनीला हवं होतं ते त्याचं जिना चढतानाचं गुणगुणणं. ते कुणाकडेच नव्हतं. रेकॉर्ड करावं असं त्यात काही आहे, हे तो असताना कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

यावर दोन प्रयोग वाचले, दोन्ही २०१४ सालचे. पहिला हार्वर्डमधल्या टिंग झँग आणि तिच्या सहकाऱ्यांचा. विद्यार्थ्यांना सुटीच्या सुरुवातीला त्या वेळच्या सटरफटर गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या: नुकतंच कुणाशी काय बोलणं झालं, हल्ली कुठली गाणी ऐकता, फक्त आपल्या टोळक्याला कळणारा एखादा विनोद. तीन महिन्यांनी हे परत वाचायची कितपत उत्सुकता असेल, हेही विचारलं. बहुतेकांनी बेताची सांगितली. तीन महिन्यांनी प्रत्यक्षात ती बरीच जास्त निघाली. पुढे याच कामात साधा दिवस आणि खास दिवस यांची तुलना केली, तर साध्या दिवसाबद्दलचा अंदाज जास्त चुकला. हे पटण्यासारखं आहे. खास दिवस लक्षात राहणार याची आपल्याला खात्री असते आणि तो राहतोही. साधा दिवस कधी पुसला जातो ते कळतही नाही.

दुसरा प्रयोग गस कूनी, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांचा. चौघांच्या गटात एकाला झकास चित्रफीत दाखवली, उरलेल्या तिघांना सुमार. मग चौघांना गप्पा मारायला एकत्र बसवलं. गप्पांनंतर हिरमुसला कोण? ज्याने झकास पाहिलं तो. बाकीचे तिघं आपल्या सुमार चित्रफितीवर रंगून बोलत राहिले आणि याला त्या बोलण्यात शिरायला जागाच मिळेना.

हे वाचल्यापासून डोक्यात एक विचार घोळतोय. आयुष्याला अर्थ यावा म्हणून आपण वेगळं, मोठं, सांगण्यासारखं काहीतरी शोधत असतो. पण जे फक्त माझ्या वाट्याला आलं ते मला चारचौघांतून बाजूला काढतं. सगळ्यांच्या वाट्याला येतं ते म्हणजे पाऊस, रांग, पाठदुखी, न लागणारा फोन. माणसं जोडली जातात ती यावरच.

तुम्हाला काय वाटतं? लग्न, बक्षीस, प्रवास सोडून लिहा.

टिंबटिंब
रविवार, रात्री १०:०५

वाचतेय. वहिनींचं वाचून थबकले.

तिरकस
रविवार, रात्री १०:३१

आमचं मांजर दिवसातले सोळा तास झोपतं आणि उरलेले आठ तास खिडकीत बसतं. आयुष्याचा अर्थ काय, असं त्याने एकदाही विचारलेलं नाही. सुखी आहे.

गणिती
रविवार, रात्री ११:१२

दोन्ही प्रयोग खरे आहेत, पण विद्यार्थ्यांवर आणि अशा छोट्या मांडणीवर आयुष्याची इमारत उभारू नये. तीन महिन्यांनंतरची उत्सुकता वेगळी आणि माणूस गेल्यानंतरची ओढ वेगळी.

याहून भक्कम पुरावा हवा असेल तर ज्युलिअन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांचं २०१० चं काम बघा. १४८ अभ्यास एकत्र करून एकूण ३,०८,८४९ लोकांची माहिती तपासली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. अर्थात आजारी माणूस आधीच माणसांतून उठतो, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला याचा गुंता राहतोच.

मला त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटली. संबंध मोजायच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या. 'एकटे राहता की कुणाबरोबर' एवढंच विचारलं, तर आयुर्मानाशी नातं सगळ्यात क्षीण. घर, काम, शेजार, मित्र अशा अनेक ठिकाणी माणूस किती गुंतलेला आहे हे पाहिलं, तर सगळ्यात ठळक. एका छपराखाली राहणं पुरत नाही, असा त्याचा साधा अर्थ.

अनवट
सोमवार, सकाळी ७:२०

@गणिती, शेवटचं वाक्य ॲरिस्टॉटलने तेवीसएक शतकांपूर्वी जास्त झणझणीत लिहून ठेवलंय. माणसांचा सहवास म्हणजे एकत्र बोलणं, विचारांची देवाणघेवाण करणं. एकाच कुरणात शेजारी शेजारी चरणं हा गुरांचा सहवास, असा त्याचा आशय. संध्याकाळी एका खोलीत चौघं चार पडद्यांत डोकं घालून बसलेली दिसली की मला ते कुरण आठवतं.

@तिरकस, मांजराने विचारलं नाही हे खरं, पण खिडकीत बसतं ते तुम्ही घरी असता तेव्हाच का, ते एकदा बघा.

घुम्या
सोमवार, सकाळी ९:०२

दर काही दिवसांनी 'बोला, बोलतं व्हा' असा एक धागा येतो आणि आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. लिफ्टमध्ये कुणी 'काय म्हणताय?' विचारलं की मी मजल्यांचे आकडे बघायला लागतो.

माझा एक जुना मित्र आहे. आम्ही आठवड्यातून एकदा बुद्धिबळ खेळतो. दीड-दोन तासांत तोंड उघडतं ते 'शह' म्हणायला. त्याची नोकरी गेली तेव्हा त्याने ते डाव मांडता मांडता एका वाक्यात सांगितलं. मी 'हं' म्हटलं. त्या दिवशी तो उगाचच वजीर घालवून बसला आणि मी त्याला चाल मागे घेऊ दिली. एरवी आमच्यात चाल मागे घेणं अजिबात चालत नाही. त्याला कळायचं ते कळलं.

तेव्हा ॲरिस्टॉटलसाहेबांना सांगा, शेजारी शेजारी चरण्यातही काही असतं.

टिंबटिंब
सोमवार, सकाळी ९:१५

@घुम्या, आवडलं! आणि घुम्या म्हणवता तर लिहिता मात्र भरभरून.

घुम्या
सोमवार, सकाळी ९:१८

लिहिताना समोर कुणी बघत नसतं ना.

आभाळवाट
सोमवार, दुपारी २:४७

मी जरा वेगळं लिहिणार आहे. रागावू नका.

माझे वडील सध्या माझ्याकडे असतात. त्यांची स्मृती गेली काही वर्षं हळूहळू निसटतेय. मला ते ओळखतात, पण कधी मुलगी म्हणून, कधी बहीण म्हणून. सकाळी उठवण्यापासून रात्री दार नीट लावलंय हे त्यांना दहा वेळा दाखवण्यापर्यंत सगळं मी करते. भाऊ फोन करतो. फोनवर त्यांच्याशी छान बोलतो आणि मग मला म्हणतो, 'तुला किती सहवास मिळतोय बघ, हे क्षण परत येणार नाहीत.'

रोजच्या जगण्यात अर्थ शोधा, असं सांगणारे बहुतेक लोक ते रोजचं करणारे नसतात. हा अनुभव फक्त माझा नाही. ज्याला दर दोन तासांनी उठावं लागतं त्याला क्षणांचं सौंदर्य वगैरे सांगू नये, झोप द्यावी. अनवट, तुमच्या लेखाला हे उद्देशून नाही, पण या विषयावरचं गोड गोड वाचलं की अंगावर येतं. घरातलं न दिसणारं काम ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांना 'यातच समाधान मान' असं सांगायची ही एक सभ्य रीत झालीय.

आता दुसरी बाजू, तीही माझीच. परवा वडील कपड्यांच्या घड्या घालत बसले. मी घातलेल्या घड्या मोडून परत घालत होते. मी वैतागून उठवायला गेले तर म्हणाले, 'बाई, तुम्ही दमला असाल, बसा, मी करतो.' मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. समोरची बाई दमलीय एवढं मात्र दिसलं. मी बसले. आम्ही दोघांनी मिळून त्याच कपड्यांच्या परत घड्या घातल्या. याला अर्थ म्हणायचं की काय म्हणायचं मला माहीत नाही. त्यानंतर रात्री तीनदा उठावं लागलं तेव्हा पुन्हा चिडचिड झालीच.

निवृत्त_नाना
सोमवार, दुपारी ४:१०

आभाळवाट, बाळ, सगळ्यांत आधी भावाला सांग की पुढचा महिनाभर तूच ये राहायला. क्षण त्यालाही मिळू देत.

आभाळवाट
सोमवार, दुपारी ४:२५

नाना, हसले. बऱ्याच दिवसांनी.

गणिती
सोमवार, संध्याकाळी ६:३३

@आभाळवाट, तुमच्या पहिल्या मुद्द्याला संशोधनातून थोडा आधार मिळतो. रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुख आणि अर्थ वेगवेगळे मोजले. दोन्ही बऱ्यापैकी एकत्र जातात, पण काही ठिकाणी वाटा फुटतात. गरजा भागणं, दिवस सुरळीत जाणं याचा संबंध सुखाशी जास्त. दुसऱ्यासाठी करणं, काळजी, ताण यांचा संबंध अर्थाशी जास्त, आणि त्यातल्या काहींचा सुखाशी उलटा. त्यामुळे 'अर्थ मिळतोय ना, मग खूश राहा' हे म्हणणं मुळातच चूक. एखादी गोष्ट अर्थपूर्ण असू शकते आणि तरीही माणसाला पिळून काढू शकते. तिथे मदत लागते.

दुसरं, वडिलांबद्दल. आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवून २०१४ मध्ये एक अभ्यास झाला. काय पाहिलं ते रुग्ण लवकर विसरले, पण त्यातून आलेली भावना त्यानंतरही बराच वेळ टिकली. म्हणजे घड्या घालतानाचं बोलणं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं असेल, पण बरं वाटणं लगेच गेलं नसणार. चिडून बोलल्यावर येणारी बेचैनीही तशीच मागे राहत असणार, हे मात्र तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाहीये.

आभाळवाट
सोमवार, रात्री ११:५०

भावनेचं हे माहीत नव्हतं, पण घरात दिसतं. सकाळ बरी गेली की दुपार शांत जाते, का ते त्यांना सांगता येत नाही. धन्यवाद. दोष वाटला नाही.

अनवट
मंगळवार, सकाळी ६:५५

@आभाळवाट, तुमचा राग या धाग्यात हवाच होता. मी 'साधा दिवस' लिहिलं तेव्हा तो कुणाच्या कष्टावर साधा राहतो हे त्यात आलं नव्हतं. जो दिवस एकासाठी निवांत असतो, त्यामागे दुसरं कुणी उभं असतं. साध्यात अर्थ असेल तर तो दोघांच्याही वाट्याला यायला हवा, आणि त्यासाठी आधी काम वाटून घ्यायला हवं.

एक विचारते, जमत असेल तरच सांगा. वडिलांचा आवाज कुठे ठेवलाय का?

आभाळवाट
मंगळवार, सकाळी ७:३०

प्रयत्न केला. 'बाबा, तुमच्या लहानपणचं सांगा' म्हणून फोन समोर धरला तर ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. एकच वाक्य बोलले, तेही पुस्तकी.

टिंबटिंब
मंगळवार, सकाळी ८:४०

ताई, फोन समोर धरू नका. माझ्या आजीबरोबर मी हे केलं होतं. फोन बाजूला पालथा ठेवून दिला आणि आम्ही दोघी जुन्या डब्यातली बटणं निवडत बसलो. हाताला काम असलं की तोंड चालतं. कुणाच्या कपड्याचं कुठलं बटण, यावरून ती सुरू झाली आणि दोन लग्नं, एक भांडण आणि एक घर विकलं जाणं एवढा इतिहास आला. फार मोठे प्रश्न विचारू नका. 'मग?' आणि 'ती कोण?' एवढे दोन प्रश्न पुरतात.

त्यांना आधी सांगून, चालेल का विचारून ठेवा मात्र. आजीला मी सांगितलं होतं. ती म्हणाली, 'ठेव की, माझं काय जातंय', आणि पाच मिनिटांत विसरून गेली.

सांजसावली
मंगळवार, दुपारी १२:१६

सगळं वाचलं. एक मुद्दा पटत नाही. पाऊस, पाठदुखी, रांग यावर माणसं जोडली जातात म्हणे. माझा अनुभव असा की त्यावर माणसं फक्त वेळ काढतात. ऑफिसात वर्षानुवर्षं ज्यांच्याशी हवापाण्याचं बोलले, त्यातल्या एकालाही माझ्या घरात काय चाललं होतं ते माहीत नव्हतं. जोडलं गेले ते एकदाच, एका सहकारिणीने संध्याकाळी थांबून सरळ विचारलं, 'काय झालंय?' अर्थ असेल तर तो त्या प्रश्नात आहे.

यावरही संशोधन आहे, गणितींना माहीत असेलच. मथायस मेल यांचं, २०१० चं. ७९ विद्यार्थ्यांना लहानसं यंत्र दिलं होतं, दिवसभर मधूनमधून तीस सेकंद आजूबाजूचं बोलणं टिपणारं. सगळ्यात सुखी लोकांचं सखोल बोलणं सगळ्यात दुःखी लोकांच्या दुप्पट होतं आणि वरवरचं बोलणं एक तृतीयांश.

गणिती
मंगळवार, दुपारी १:०५

माहीत आहे. पुढचंही सांगतो. त्याच गटाने २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या आणि विविध वयाच्या लोकांवर ते परत तपासलं. सखोल बोलण्याचा चांगला परिणाम टिकला. वरवरच्या बोलण्याचा वाईट परिणाम मात्र दिसेनासा झाला. म्हणजे हवापाण्याने नुकसान होत नाही. फायदा होतो असंही त्यातून निघत नाही, हे अनवट यांच्यासाठी.

सांजसावली
मंगळवार, दुपारी १:२०

मग माझाच मुद्दा आला.

अनवट
मंगळवार, दुपारी ३:४८

अर्धा. तुमच्या सहकारिणीने 'काय झालंय?' विचारलं तेव्हा तुम्ही उत्तर का दिलंत? रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने तेच विचारलं असतं तर? काही महिने तुम्ही दोघी एकमेकींना बघत होता, पावसाचं बोलत होता. तुम्ही रोज कशा दिसता हे तिला माहीत होतं, म्हणून त्या दिवशी वेगळं दिसलं. हवापाण्याच्या बोलण्यात माहिती काही नसते. पण 'मी आहे, तूही दिसतोयस' एवढं त्यातून पोचत राहतं, आणि खोल बोलायची वेळ येते तेव्हा दार आधीच किलकिलं असतं.

तिथेच अडकून राहणारे लोक असतात, हे मान्य. वर्षानुवर्षं दाराशी उभे राहून बोलतात, आत कुणीच येत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कुणीतरी एकाने कधीतरी थांबून विचारावं लागतं, आणि ते धाडसाचं काम आहे.

सांजसावली
मंगळवार, दुपारी ४:०२

ती सहकारिणी माझ्या शेजारच्याच टेबलावर होती, हे खरं. पण बाकीचेही होते की. जाऊ दे, पाऊण मान्य करते.

निवृत्त_नाना
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

तुम्हा लोकांचा वाद चांगला चाललाय, मी आपलं माझं सांगतो. निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी बजावलं, मित्रांशी संपर्क ठेवा. ठेवला. मित्र आहेत. जे गेलं त्याबद्दल कुणीच बजावलं नव्हतं. रोज त्याच वेळी त्याच बसच्या थांब्यावर उभा असणारा एक गृहस्थ होता. त्याचं नाव मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मी दिसलो नाही तर दुसऱ्या दिवशी 'काल नव्हता?' विचारायचा. कार्यालयाच्या दारावरचा पहारेकरी, टपाल आणणारा, वरच्या मजल्यावरच्या विभागातली ती नेहमी जिन्यातच भेटणारी बाई. यांना घरी बोलवायचा प्रश्नच नव्हता. मैत्रीही नव्हती. पण दिवसातून दहा ठिकाणी आपण 'आहोत' याची नोंद व्हायची. निवृत्तीनंतर ती एका दिवसात बंद झाली.

सत्काराच्या भाषणांत सगळे बोलले, पण त्या बस थांब्यावरच्या गृहस्थाला मी सांगूनही आलो नाही की उद्यापासून येणार नाही. सांगणार काय? नाव-गाव काही नाही.

गणिती
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

नाना, यालाच समाजशास्त्रात कच्चे धागे म्हणता येईल. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध यावरच आहे. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो त्या सुमारास तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारा, असं सांगणारे १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारा, ५५.६ टक्के. क्वचित, २७.८ टक्के. जवळच्या माणसांना साधारण आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. नवी खबर लांबून येते.

तो झाला उपयोगाचा भाग. मनाच्या बाजूने जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये पाहिलं. लोकांना हातात मोजणी-यंत्रं दिली: जवळच्या माणसाशी बोललात की एक दाबा, तोंडओळखीच्याशी बोललात की दुसरं. ज्या दिवशी तोंडओळखीच्यांशी बोलणं नेहमीपेक्षा जास्त झालं, त्या दिवशी आपण कुठेतरी सामावलेले आहोत ही भावनाही जास्त होती.

निवृत्त_नाना
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

बघा! मला यंत्राशिवाय कळलं होतं.

नवखा
मंगळवार, रात्री १०:५८

हे सगळं ज्यांची माणसं आहेत त्यांच्यासाठी झालं. मी नोकरीसाठी नव्या शहरात आलोय. ओळखीचं कुणी नाही. नानांचा बस थांबाही नाही, कारण काम घरून. रविवारी रात्री लक्षात येतं की शुक्रवारपासून मोठ्याने एक शब्द बोललेलो नाही. 'लोकांत मिसळ' हा सल्ला नको. कुठल्या लोकांत आणि मिसळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

तिरकस
मंगळवार, रात्री ११:२०

मांजर पाळ. (गंभीरपणे सांगतोय. मांजरामुळे माझ्या मजल्यावरच्या चार घरांशी ओळख झाली, कारण ते चारही घरांत घुसतं.)

गणिती
बुधवार, सकाळी ८:१०

@नवखा, मैत्रीचा सगळ्यात कंटाळवाणा घटक म्हणजे वेळ, आणि त्याचा अंदाज जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये बांधला. नुसत्या ओळखीतून बऱ्यापैकी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० च्या आसपास, जिवलग व्हायला २०० च्या वर. शेजारी बसून केलेले कामाचे तास यात फारसे मदत करत नाहीत. मोकळा वेळ लागतो. तेव्हा दोन-तीन भेटींत काही जमलं नाही तर तो तुमच्या स्वभावाचा दोष धरू नका, तास भरलेले नसतात.

अनवट
बुधवार, सकाळी ८:४५

आणि ते तास एकाच जागी भरले पाहिजेत. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री होते ते अभ्यासलं होतं, १९५० साली ते प्रसिद्ध झालं. मैत्री आवडीनिवडी जुळल्यामुळे झालीच नव्हती असं नाही, पण सगळ्यात मोठं कारण दारं जवळ असणं हे होतं. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त मिळाले, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून जायचे.

म्हणून नवनव्या ठिकाणी जाऊ नका. एकच जागा धरा, मग ते वाचनालय असो, मैदान असो, नाहीतर गाण्याची शिकवणी, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी तिथे दिसा. पहिले काही आठवडे काहीही होणार नाही. तुम्हाला वाटेल, फुकट गेलं. त्या आठवड्यांत लोक तुमच्या तोंडाला सरावत असतात.

निवृत्त_नाना
बुधवार, सकाळी ९:३०

आणि एखाद्या दिवशी जाऊ नकोस मुद्दाम. दुसऱ्या दिवशी कुणी 'काल नव्हता?' म्हणालं तर समज, रुजलास.

नवखा
बुधवार, सकाळी ९:५२

हे करता येण्यासारखं आहे. नाना, तुमची युक्ती मात्र धोक्याची. कुणी विचारलं नाही तर?

निवृत्त_नाना
बुधवार, सकाळी १०:०५

तर तू विचार, जो आला नव्हता त्याला. रोज कुणीतरी आलेलं नसतंच.

घुम्या
बुधवार, दुपारी १:३०

@नवखा, बुद्धिबळ येतं का? ऑनलाइन खेळू. बोलायची सक्ती नाही. 'शह' म्हणायचीही गरज पडत नाही, पडद्यावर आपोआप दिसतं.

नवखा
बुधवार, दुपारी १:४१

येतं, पण फार वाईट खेळतो. चाल मागे घेऊ देणार का?

घुम्या
बुधवार, दुपारी १:४३

नाही.

गणिती
बुधवार, दुपारी २:१०

एक शंका. न बोलता, एकमेकांना न बघता, दोन घरांत बसून खेळलेले तास त्या पन्नासात धरायचे का?

तिरकस
बुधवार, दुपारी २:१२

अर्धे धरा. मांजर मांडीवर असेल तर पाऊण.